गर्भाशयाची तपासणी आणि सुटलेल्या पेशी

गर्भाशयातून तुकडा काढला किंवा आत दुर्बीण घातली, तर आतला कर्करोग चाळवतो आणि शरीरभर पसरतो, ही समजूत महाराष्ट्रातल्या गावांत जितकी खोल रुजलेली आहे तितकीच ती ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या शिकलेल्या वस्तीतही टिकून आहे, आणि तिच्यापायी ‘तुकडा तपासायला नको, त्यापेक्षा सरळ पिशवीच काढून टाका’ असा आग्रह रुग्णाकडून आणि अनेकदा तिच्या नातेवाइकांकडून धरला जातो. या समजुतीला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे शास्त्राच्या दृष्टीने योग्य ठरत नाही, कारण तिच्यातला एक भाग प्रयोगशाळेत सिद्ध झालेला आहे: तपासणीच्या वेळी काही पेशी खरोखरच जागच्या सुटतात आणि गर्भाशयाबाहेर जातात. चूक घडते ती त्यापुढच्या पायरीवर, म्हणजे सुटलेली पेशी आणि पसरलेला रोग या दोन गोष्टी एकच मानल्या जातात तेव्हा.

गर्भाशय हा पेरूच्या आकाराचा स्नायूंचा अवयव असून त्याच्या आतल्या पोकळीला एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला वाढणाऱ्या आणि पाळीच्या रूपाने गळून जाणाऱ्या या अस्तराला अंतःस्तर किंवा एंडोमेट्रियम म्हणतात. गर्भाशयाचा खालचा, योनीत उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख. सामान्य बोलण्यात या दोन्ही ठिकाणच्या रोगांना ‘पिशवीचा कॅन्सर’ असे एकच नाव मिळते, पण ते दोन निरनिराळे रोग आहेत. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. अंतःस्तराचा कर्करोग बहुधा इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या एकतर्फी प्रभावामुळे होतो आणि स्थूलता व मधुमेह असलेल्या स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक दिसते. जागतिक कर्करोग नोंदीच्या २०२० सालच्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २४ हजार आणि गर्भाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे १६ हजार नव्या रुग्णा होत्या. पेशी पसरण्याचा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या रोगाच्या बाबतीत उभा राहतो, कारण तिथे तपासणी बंद पोकळीत शिरून करावी लागते.

ही तपासणी तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात सुमारे तीन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी गर्भाशयात सरकवून आतला दट्ट्या मागे ओढतात आणि निर्माण झालेल्या ओढीने अस्तराचे बारीक कण नळीत येतात. १९८०च्या दशकात प्रचारात आलेल्या या साधनाला पिपेल म्हणतात आणि त्यासाठी बहुधा भूलही लागत नाही. दुसरा प्रकार क्युरेटाजचा, ज्याला घरोघरी ‘क्युरेटिंग’ किंवा ‘पिशवी साफ करणे’ म्हणतात. त्यात गर्भाशयाचे मुख रुंदावून धातूच्या खरवडणीने अस्तर खरवडले जाते. तिसरा प्रकार हिस्टेरोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीचा. गर्भाशयाच्या पुढच्या-मागच्या भिंती एरवी एकमेकींना चिकटलेल्या असल्यामुळे नुसती दुर्बीण घालून काहीच दिसत नाही. म्हणून नळीवाटे सलाइन सोडून पोकळी फुगवावी लागते, आणि मग पडद्यावर अस्तर, एखादा मस्सा किंवा संशयास्पद जागा दिसते व नेमका तिथलाच तुकडा घेता येतो. १८६९ मध्ये इटलीतील पांतालेओनी यांनी पाळी थांबल्यानंतर रक्त जाणाऱ्या एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयात अशी नळी घालून आतला मस्सा पाहिला, तेव्हापासून या तपासणीचा इतिहास सुरू होतो. दुर्बिणीची गरज का पडली, हे खरवडणीच्या मर्यादेवरून कळते: १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, क्युरेटाज केल्यानंतर लगेच काढलेली गर्भाशये उघडून पाहिली असता निम्म्याहून जास्त वेळा पोकळीचा अर्धा भागही खरवडला गेला नव्हता, असे आढळले.

भीतीचे मूळ या सलाइनमध्ये आहे. गर्भाशयाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघणाऱ्या बीजनलिका दुसऱ्या टोकाला उदरपोकळीत उघडतात, त्यामुळे गर्भाशयाची पोकळी आणि पोटाची पोकळी यांच्यात निसर्गाने ठेवलेली एक अरुंद वाट कायमच असते. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीचे शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९१८ मध्ये गर्भाशयाच्या पोकळीतील बाहेरचा पदार्थ तिथल्या शिरांमध्ये शिरू शकतो हे दाखवले, आणि १९२७ मध्ये पाळीच्या वेळी अस्तराचे कण बीजनलिकांमधून उलट्या दिशेने पोटात जातात, असा आज सर्वमान्य झालेला सिद्धान्त मांडला. पाळी चालू असलेल्या बहुसंख्य स्त्रियांमध्ये हे दर महिन्याला घडते. सलाइनच्या दाबाखाली कर्करोगाच्या पेशीही याच वाटेने जाऊ शकतील, ही शंका त्यातूनच निघते आणि ती रास्त आहे.

या शंकेची तपासणी पुढे आकड्यांनी झाली. अंतःस्तराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना पोट उघडल्यावर आतला भाग सलाइनने धुऊन ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर ‘धुवण सकारात्मक’ आले असे म्हणता येईल. २०१० मध्ये नऊ अभ्यासांतील १,०१५ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असे दिसले, की आधी हिस्टेरोस्कोपी झालेल्या स्त्रियांत धुवण सकारात्मक येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पावणेदोन पट होती, आणि पोकळी फुगवण्याचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहून वर नेला असेल तर ती आणखी वाढत होती. म्हणजे पेशी सुटतात, हे मान्य करावे लागते, आणि जो डॉक्टर ‘असे काही होतच नाही’ म्हणून रुग्णाला वाटेला लावतो तो तिची दिशाभूल करतो.

याच विश्लेषणात दुर्बिणीनंतर रोगाची अवस्था वरची ठरण्याचे प्रमाणही जास्त दिसले होते, आणि ते वाचून कोणीही घाबरेल. परंतु इथे अवस्था ठरवण्याच्या नियमाकडे बारकाईने पाहावे लागते. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिगो’ने, १९८८ मध्ये असा नियम केला होता, की धुवणात पेशी सापडल्या तर रोग गर्भाशयातच असला तरी तो तिसऱ्या अवस्थेचा धरावा. असा नियम असताना दुर्बिणीमुळे चार पेशी पोटात गेल्या की कागदावरची अवस्था आपोआप वाढणारच. त्यावरून रोग खरोखर पुढे गेला असे सिद्ध होत नाही. २००९ मध्ये फिगोने हा निकष अवस्थेतून वगळला, धुवणाचा निष्कर्ष स्वतंत्रपणे नोंदवण्यास सांगितले आणि २०२३ च्या नव्या वर्गीकरणातही तो अवस्थेत परत घेतला नाही.

खरी कसोटी रुग्णाच्या आयुष्याची असते: ज्यांची तपासणी दुर्बिणीने झाली त्यांचा रोग अधिक वेळा उलटला का आणि त्या लवकर दगावल्या का? नंतरच्या अधिक मोठ्या एकत्रित आढाव्यांत धुवणातल्या पेशींचे वाढते प्रमाण पुन्हा दिसले, तरी रोग उलटण्याच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणात तसा फरक आढळला नाही. यातले बहुतेक अभ्यास जुन्या नोंदींवर आधारलेले असल्यामुळे त्यांना शेवटचा शब्द म्हणता येत नाही, हे सांगणे भाग आहे. मात्र तुकडा घेतल्यावर काही आठवड्यांतच गर्भाशय, बीजनलिका आणि अंडाशय काढले जातात, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाचे आश्चर्य वाटू नये.

सुटलेल्या पेशीचे पुढे काय होते, हा या विषयातला सर्वांत उद्बोधक भाग आहे. कर्करोग मूळ जागेपासून दूर जाऊन नवी वसाहत करतो त्याला दूरप्रसार किंवा मेटास्टॅसिस म्हणतात, आणि या अर्थाने मेटास्टॅसिस हा शब्द १८२९ मध्ये रूढ करणारे फ्रेंच वैद्य रेकामिये हेच पुढे गर्भाशयाच्या खरवडणीचेही जनक ठरले. म्हणजे ही भीती आणि हे हत्यार एकाच माणसाच्या हातून वैद्यकात आले. १८८९ मध्ये लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी अभ्यासून असे मांडले, की बी कुठेही उडते, पण रुजते ती मानवेल त्याच जमिनीत. त्यानंतर ८१ वर्षांनी आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या रक्तात खुणेच्या कर्करोगपेशी सोडून मोजदाद केली, तेव्हा एका दिवसानंतर हजारातली एकही पेशी जिवंत उरत नव्हती. माणसांतला पुरावा १९८४ मध्ये ब्रिटनमधून आला. कर्करोगामुळे पोटात सतत पाणी साठणाऱ्या रुग्णांना आराम मिळावा म्हणून ते पाणी नळीवाटे थेट मानेच्या शिरेत सोडण्याची सोय केली जात असे, त्यामुळे त्यांच्या रक्तात दिवसेंदिवस असंख्य कर्करोगपेशी मिसळत राहिल्या. तरीही मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत त्यांच्यापैकी कित्येकांच्या फुप्फुसांत किंवा इतर अवयवांत नव्या गाठी रुजलेल्या आढळल्या नाहीत. पेशी रुजायला तिला चिकटता यावे लागते, रक्तपुरवठा ओढून घ्यावा लागतो आणि शरीराच्या प्रतिकाराला तोंड द्यावे लागते. दुर्बिणीच्या पाण्याबरोबर पोटात गेलेल्या पेशींपैकी बहुतेकींना हे जमत नाही.

‘बहुतेकींना’ हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे, कारण काही प्रसंगी सांडलेल्या पेशी खरोखर घात करतात आणि वैद्यकाने त्या ओळखून नियम घातलेले आहेत. अंडाशयातल्या संशयित गाठीत सहसा सुई घालत नाहीत, कारण तिचे आवरण फुटले तर पहिल्या अवस्थेतला मर्यादित रोग त्याच अवस्थेच्या वरच्या उपगटात जातो. यकृताच्या कर्करोगात सुईच्या वाटेवर गाठ उगवल्याची नोंद सुमारे अडीच-तीन टक्के रुग्णांत झालेली आहे, म्हणून शक्य असेल तिथे निदान स्कॅनवरूनच केले जाते. गर्भाशयाच्या बाबतीत सर्वांत कडू धडा मिळाला तो तपासणीतून नव्हे, तर एका शस्त्रक्रियेतून. फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंतल्या कर्करोग नसलेल्या वाढीची, मोठी गाठ लहानशा छिद्रातून बाहेर काढता यावी म्हणून पोटातच तिचे तुकडे करणारे मॉर्सेलेटर नावाचे विजेवर फिरणारे पाते वापरले जात असे. २०१३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर एमी रीड यांच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली, नंतर त्या गाठीत स्नायूंचा सार्कोमा हा आक्रमक कर्करोग लपलेला निघाला आणि त्याचे कण पोटभर उडाले. त्यांनी आणि त्यांच्या पतीने दिलेल्या लढ्याच्या काळात, एप्रिल २०१४ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या दर ३५० स्त्रियांमागे एकीत असा लपलेला सार्कोमा असू शकतो, असा इशारा दिला. रीड यांचे २०१७ मध्ये निधन झाले. न ओळखलेला कर्करोग पोटात कापून भुगा करणे आणि कर्करोग ओळखण्यासाठी अस्तराचा कण घेणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण लोकांच्या बोलण्यात दोन्ही गोष्टी ‘हत्यार लागले आणि पसरला’ या एकाच वाक्यात येऊन बसतात.

या प्रश्नाला मुंबईतून मिळालेली दोन उत्तरे मराठी वाचकाने अवश्य जाणून घ्यावीत. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञाने, म्हणजे ऊतींचे तुकडे पाहून रोग ओळखणाऱ्या तज्ज्ञाने, तिथल्या प्रयोगशाळेचा पाया घातला. याच रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत गर्भाशयमुखाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग केला: दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग शोधायचे आणि संशयित स्त्रियांना पुढील तपासणीसाठी व गरज पडल्यास तुकडा काढण्यासाठी रुग्णालयात पाठवायचे. दीड लाखाहून अधिक स्त्रियांवरच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. तुकडा काढल्याने रोग भडकत असता, तर ज्या गटातल्या स्त्रियांचे तुकडे शोधून शोधून काढले गेले त्याच गटात मृत्यू वाढले असते.

दुसरे उत्तर त्याहून नाजूक आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढताना हाताळणीमुळे पेशी सुटत असतील, ही शक्यता टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकारली नाही, तर तिच्यावर उपाय करून पाहिला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भुलीचे नेहमीचे, स्वस्त औषध टोचायचे, एवढाच तो उपाय होता. भारतातील ११ केंद्रांमधल्या १,५८३ स्त्रियांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के आणि दिलेल्या गटात ९०.१ टक्के होते. हा प्रयोग स्तनाचा होता, त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे गर्भाशयाला लावता येणार नाहीत. पण लोकांच्या मनातली शंका थट्टेवारी न नेता शास्त्राने ती कशी हाताळावी, याचा त्याहून चांगला नमुना सापडणे कठीण आहे.

गर्भाशयाच्या दुर्बिणीतही अशी काळजी घेता येते. सलाइनचा दाब पाऱ्याच्या ७० मिलिमीटरच्या खाली ठेवला तर बीजनलिकांमधून पाणी पोटात जाण्याची शक्यता फारच कमी होते. तपासणी थोडक्यात आटोपावी, कर्करोगाचा दाट संशय असेल तर आधी पिपेलने नमुना घेऊन पाहावा, आणि निदान पक्के झाल्यावर निव्वळ ‘अजून एकदा बघू’ म्हणून दुर्बीण पुन्हा घालू नये. दाब किती ठेवणार, हा प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना विचारला तर त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

भीतीची किंमत मात्र महाराष्ट्राने मोजलेली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली होती. तुकडा न तपासता पिशवी काढण्यात दुहेरी नुकसान आहे: कर्करोग नसेल तर तरुण वयात अवयव नाहक गेला, आणि असेल तर शस्त्रक्रिया अपुरी झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात भोवतालच्या ऊती आणि लसिकाग्रंथींसह मोठी शस्त्रक्रिया किंवा थेट किरणोपचार करावे लागतात. साधी पिशवी काढल्यानंतर अहवालात कर्करोग निघाला, तर रुग्णेला पुन्हा शस्त्रक्रियेला किंवा किरणोपचारांना सामोरे जावे लागते. पेशी पसरतील म्हणून टाळलेला तुकडा अशा वेळी फार महागात पडतो.

उशीर हेही तितकेच मोठे नुकसान आहे. पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ९ टक्के स्त्रियांत अंतःस्तराचा कर्करोग सापडतो, आणि हा कर्करोग झालेल्या, पाळी थांबलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांत तो रक्तस्राव आधीच इशारा देऊन गेलेला असतो. दुसऱ्या फार थोड्या कर्करोगांना इतकी स्पष्ट सूचना लाभली आहे. कल्याण येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये सेरामपूर येथील भाषणात हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज किती तीव्र आहे हे मांडले होते. स्त्रिया अशी दुखणी पुरुष वैद्यापुढे बोलू शकत नाहीत, हे त्यामागचे दुःख होते. आज त्याच कल्याणात आणि शेजारच्या डोंबिवलीत स्त्रीरोगतज्ज्ञ स्त्रिया पावलोपावली आहेत, सोनोग्राफीने अस्तराची जाडी मोजता येते आणि ती चार मिलिमीटरच्या वर भरली तर तुकडा घेण्याचा सल्ला मिळतो. तरीही ‘या वयात पुन्हा पाळी आली असेल’ म्हणून अंगावरून जाणे महिनोन्‌महिने दडवले जाते, आणि अखेरीस सल्ला मिळाला तर पसरण्याच्या भीतीने आणखी काही महिने जातात.

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी, आणि तुकडा घेतला गेला तर अहवालाच्या कागदाबरोबर काचेच्या स्लाइड व मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, तोही प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा. कल्याणहून पुढील उपचारांसाठी परळला जावे लागले, तर तिथे याच स्लाइड आणि ब्लॉक फेरतपासणीसाठी मागितले जातात, आणि ते सोबत असले तर दुसऱ्यांदा तुकडा काढण्याची वेळ बहुधा येत नाही.